पुलावरची बाई

विलायतेतल्या एका राजपुत्राला चिनी दिवाणखान्याचं वेड लागलं. चीन त्यानं पाहिला नव्हता, त्याच्या चिताऱ्यानंही नाही. चहाच्या कपांवरची चित्रं बघून चिताऱ्यानं भिंतीचा कागद रंगवला: बांबूचं बेट, कमानदार पूल, पुलाच्या पलीकडे पाठमोरी एक बाई. दोनशे वर्षांनी तो कागद सिंगापूरला प्रदर्शनात आला, ओल लागून फुगला, आणि डागडुजीला दमयंतीच्या टेबलावर आडवा झाला.

दमयंतीला त्या बाईची माया वाटे. ना चीनची, ना विलायतेची. माहेर नाही, सासर नाही. काम करता करता ती तिच्याशी बोलायची आणि संध्याकाळी दिवे मालवताना म्हणायची, "बरं, येते मी."

एका सकाळी बाईचं तोंड इकडे वळलेलं होतं. मग ती पुलाच्या मध्यावर आली. आधीच्या जागी नुसता फिका निळा रंग, जणू तिथे कुणी कधी नव्हतंच. आज तिचं पाऊल अलीकडच्या पायरीवर होतं.

शेजारच्या टेबलावरचा चारुदत्त आधी हसला. मग त्यानं वाकून पाहिलं आणि तो हसायचा थांबला.

"अगं, तूच रोज 'येते' म्हणतेस. वाट बघून बघून तीच निघालीय. उद्या कागद पेटीत जाणार, विलायतेला परत. आज 'जाते' म्हण, फिरेल माघारी."

दमयंतीनं ब्रश खाली ठेवला. तिचा नवरा, रघुवीर, जहाजावर इंजिनिअर. आत्ता भर समुद्रात. घरचं माणूस पाण्यावर असताना 'जाते' म्हणायचं? सासूबाई तो शब्द फोनवरसुद्धा चालवून घेत नसत. आणि काहीच बोललं नाही, तर ही बिचारी पाऊल उचललेली तशीच अंधारात खिळली जाणार.

चारुदत्त गेल्यावर ती टेबलापाशी उभी राहिली. 'जा' एवढंच ओठांवर आलं आणि अडलं. बाई बघत होती.

"ये," दमयंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. तपासायला आलेल्या माणसानं बांबू पाहिले, कोपरे पाहिले, सिंगापुरी ढंगात "ओके ला" म्हणून पेटी बंद करवली. राजपुत्राच्या महालातही तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नसावं.

संध्याकाळी क्वीन्सटाउनकडे जाणारी एमआरटी मेट्रो खचाखच भरली होती. दमयंतीच्या शेजारची सीट मात्र मोकळी. माणसं यायची, सीटकडे बघायची, आणि कडी धरून उभीच राहायची. ओल्या कागदाचा वास येत होता. दमयंतीनं पिशवी मांडीवर घेतली आणि जरा सरकून बसली.