भाकरीचं चित्र

श्रावणात कानबाई मातेच्या रोटांसाठी, म्हणजे निवदाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका बाप्याच्या नावानं मूठमूठ गहू काढतात. यंदा मी नातीच्या नावानंही मूठ काढली, तर चुलतदीर शालिग्रामनं सुपातच हात घातला.

"वहिनी, पोरनी मूठ? अन् तीबी मुकी पोर!"

"भाऊ, गहू मना, सूप मनं. हात काढ, नईतं गव्हासंगे दळी टाकसू."

मयुरी मुकी नाही. ऑटिझम आहे म्हणाल्या धुळ्याच्या दवाखान्यातल्या मॅडम. मी म्हटलं, बाई, नाव राहू दे, काय करायचं ते सांग. पाणी हवं असलं तरी पोरगी भिंतीवर डोकं आपटायची, मनगट चावायची. मॅडमनी माझ्या सुनेला, पुनमला, चित्रं दिली. पाणी, भाकर, झोका. पोरीनं चित्र हातात ठेवलं की ती वस्तू लगेच द्यायची. तोंडानं माग म्हणून अडवायचं नाही. हात रिकामा गेला तर ती मागणंच सोडेल, अन् मागत राहिली तर शब्दही येतील. उन्हाळाभर आम्ही सासू-सुनांनी तेच केलं. आषाढात भाकरीचं चित्र देताना ती "भा" म्हणाली. मी डोळ्याला पदर लावला, अन् पुनम बघतेय म्हटल्यावर चुलीच्या धुराला शिव्या घातल्या.

रोटांच्या दिवशी भाऊबंद जमले. पाटावर कानबाई मांडली, नारळाला डोळे, नाकात नथ. पंगतीत रोट वाटायचा मान शालिग्रामचा. मयुरी उठली अन् त्याच्या हातावर भाकरीचं चित्र ठेवलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच! पुनमनं माझा दंड घट्ट धरला.

शालिग्रामनं रोट वर धरला. "हाई काय वं? तोंडघाई माग. आबा, रोट द्या, म्हन. मंग देसू."

"भाऊ, दे तिले!"

"तुमना लाडघाई मुकी ऱ्हायनी ती. म्हन वं, आऽबा!"

पंगत हसली. पोरीनं चित्र परत घेतलं, सरळ जाऊन कानबाईपुढे ठेवलं, अन् हात पसरून उभी राहिली. माणसानं दिलं नाही, म्हणून डोळे असलेल्या दुसऱ्या कोणाकडे मागितलं. एवढंच.

पण पंगतीतली म्हातारी भिकुबाई ओरडली, "माय वं! पोरनी माताले निवद दिधा!"

बाया धावल्या. कुंकू फासलं, पाय धरले. तिला कोणी हात लावलेला सोसत नाही. तिनं किंकाळी फोडली, मान गरागरा फिरवली.

"अंगमा उनी! कानबाई उनी!"

डफ वाजायला लागले. ज्यानं रोट अडवला तोच शालिग्राम लोटांगण घालून विचारत होता, "माता, यंदा कापूस पिकी का?"

"भूक लागनी शे तिले!" मी ओरडत होते. गर्दीत कोपरं मारत रोट घेऊन पोचले, तेव्हा पोरीनं तोंड फिरवलं.

सकाळी विसर्जनात ते चित्र कानबाईसंगं नदीत गेलं. पुनमनं नवं काढलं. पोरगी त्याला हात लावत नाही. पुन्हा मनगट चावते.

आता माणसं नारळ घेऊन दारी येतात. परवा शालिग्रामही आला. मी त्याचा नारळ ओट्यावरून गडगडत सोडला अन् त्याच्या हातात भाकर दिली.

"बस तिनासमोर. ती चित्र दी, तवय भाकर दे."

"अन् नई दिधं तं?"

"तं बस."

घटकाभरानं, कापसाला खत टाकायचंय म्हणून तो उठला. मी त्याच्या हातातली भाकर घेतली अन् त्याच जागी बसले.