हाक न मारणारं गाणं

पेंटर सव्वाअकराला चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हातात चष्मा. त्याने तो आपटला नाही. काउंटरवर अलगद ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही फोनवर सांगितलंत, आठवडाभर वापरा, सवय होते. नऊ दिवस वापरला. सवय काही झाली नाही, शिडीची पायरी मात्र चुकली."

मागच्या खोलीतली फिटरबाई हे ऐकून जागच्या जागी थिजली. फोनवर ते वाक्य तिनेच सांगितलं होतं. नव्या चष्म्याची तक्रार आली की दुकानातले सगळे तेच सांगत. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असे.

काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी दुकानात ती एकटीच. चौदा वर्षं हेच काम. पाकिटातून निघालेल्या दोन काचा सारख्याच गोल असतात, जुळ्या बहिणींसारख्या. कोणती कुठल्या डोळ्याची हे नुसतं पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून यंत्राखाली नंबर मोजायचा आणि उजवी काच हातातून खाली ठेवायच्या आधी तिच्यावर पेनने ठिपका द्यायचा. ठिपका आधी, बाकीचं जग नंतर. हा नियम नव्या माणसांना तिनेच शिकवला होता.

मालकांना सगळे काका म्हणत. काकांनी चष्मा यंत्राखाली धरला. काढला, पुसला, पुन्हा धरला. मग सावकाश म्हणाले, "डावी काच उजवीकडे आहे."

काउंटरवरची मुलगी मागच्या खोलीत डोकावून कुजबुजली, "फिटरबाई, फ्रेम वाकली असेल म्हणून सांगायचं का?"

"नको," असं म्हणून ती बाहेर आली. "चूक माझी आहे."

कामाच्या पाकिटावर वेळ लिहिलेली होती: मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. तिने खिशातून मोबाइल काढला आणि तो मंगळवार शोधला. चार वाजून नऊ मिनिटांनी लेकीच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, सहलीला टोपी निळी की पांढरी? चार मिनिटांत एकतीस उत्तरं आली होती. त्यातलं एक तिचं होतं. 'पांढरी.'

तिला आता सगळं लख्ख आठवलं. काचा मोजून झाल्या होत्या. कानात गाणं चालू होतं. मध्येच टिंग वाजलं, तिने दोन्ही काचा खाली ठेवल्या, उत्तर लिहिलं आणि मग ठिपका दिला. भलत्याच काचेवर. तिने हे सगळं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

एका टोपीपायी माणसाचा हात मोडला!

"काका, मी फोन फक्त गाण्यांसाठी जवळ ठेवते," ती म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते लंगडं वाटलं.

"मग ही टोपी कुठल्या गाण्यात आली?" काका म्हणाले. "उद्यापासून तू काउंटरला बस. मी दुसरा फिटर बघतो. आणि मागच्या खोलीत फोन नाही, गाणी नाहीत, काही नाही."

काउंटरला बसणं म्हणजे काही शिक्षा नव्हती. पगार तोच, वर पंखाही डोक्यावर. पण मागच्या खोलीतलं ते टेबल म्हणजे तिची चौदा वर्षं होती. काच कडेला आली की घासायच्या मशीनचा सूर कसा बदलतो, हे दुकानात फक्त तिला कळत होतं.

तेवढ्यात पेंटरने डाव्या हाताने खिशातून काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. काड्यापेटीएवढा एमपीथ्री प्लेअर. त्यावर पांढऱ्या, पिवळ्या रंगाचे शिंतोडे.

"काका, रागावू नका, पण गाण्याला कशाला फाशी देता?" तो म्हणाला. "मी पाट्या रंगवतो. अक्षराची उभी रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये थांबलं की तिथं गाठ पडते, ती शेवटपर्यंत जात नाही. शिडीवर दिवसभर माझ्या कानात गाणी असतात आणि माझ्या रेघेला गाठ नाही. मोबाइल माझ्याकडेही आहे, पण तो खाली रंगाच्या पेटीत. वर येतो तो हा. हा गातो, हाक मारत नाही."

काउंटरवरची मुलगी हसली. "अहो पेंटरकाका, मोबाइलसुद्धा सायलेंट करता येतो की!"

"येतो ना. करतेस?"

तिने काउंटरवरचा आपला मोबाइल हळूच पालथा घातला.

"बरं, केलास असं धरू. पण गाणं बदलायला तो हातात घेणारच. घेतला की पडदा दिसणार. पडदा दिसला की..."

"टोपी," फिटरबाई हळूच म्हणाली.

"टोपी! ताई, तुम्हाला नेमकं कळलं."

तिने काकांकडे वळून पाहिलं. "काका, पंधरा दिवस द्या. मोबाइल बाहेर, ड्रॉवरमध्ये. कानात असलाच एक प्लेअर, तोही एकाच कानात. दुसरा मशीनसाठी मोकळा. माझा प्रत्येक चष्मा तुम्ही तपासा. एक ठिपका चुकला तर तुम्ही सांगायच्या आत मी काउंटरला बसते."

"आणि माझा नवा चष्मा ताईच करतील," पेंटर म्हणाला.

"एवढं झाल्यावरही?" काकांनी भुवया उंचावल्या.

"एवढं झाल्यावरच. त्या मागच्या दाराने निघून गेल्या नाहीत."

काकांनी कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाभोवती गोल केला.

घरी तिने नवा प्लेअर जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा लेकीने तो उलटसुलट करून पाहिला. "आई, ह्याला स्क्रीन कुठेय?"

"एवढीशी पट्टी आहे ना. गाण्याचं नाव दिसतं."

"आणि बाकी काय दिसतं?"

"काही नाही."

"अगं बाई!" लेक म्हणाली. पण जेवण झाल्यावर तिनेच बसून आईची दोनशे दहा गाणी त्यात भरून दिली.

नवऱ्याला वेगळीच काळजी. "आणि मध्येच काही झालं तर?"

"दुकानाचा फोन आहे. नंबर फ्रिजच्या दारावर लावलाय. काही झालं तर तो लावायचा. काही झालं नसेल तर सहाला मी घरी येतेच आहे."

जाऊबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्याशी बोलायचं तर अर्ज करावा लागणार!"

"दोन प्रतींत करा," ती म्हणाली. हसली, पण मागे हटली नाही.

पहिला दिवस कठीण गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा हात एकोणीस वेळा रिकाम्या खिशाकडे गेला. रिकाम्या पाकिटामागे रेघा मारून तिने ते मोजलं. कुणी बोलावलेलं नसताना एकोणीस वेळा! दुसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी सहा. एका कानात गाणं, दुसऱ्या कानात मशीनचा सूर. एखादं गाणं नको असेल तर न पाहता अंगठ्याने बटण दाबायचं, नजर काचेवरच.

सातव्या दिवशी दुपारी ड्रॉवर घरघरू लागला. थांबला, पुन्हा सुरू झाला. काउंटरवरची मुलगी धावत दारात आली. "फिटरबाई, तुमचाच! सातव्यांदा वाजतोय!"

तिच्या हातात नुकतीच मोजलेली उजवी काच होती. लेक पडली असेल? ह्यांना काही... पण मग दुकानाचा फोन का नाही वाजला? नंबर तर समोरच लावलाय. नाही. आधी ठिपका. तिने ठिपका दिला. काच घासली, दुसरी घासली, दोन्ही फ्रेममध्ये बसवल्या, चष्मा काकांच्या हातात दिला आणि मगच ड्रॉवर उघडला.

"केव्हाची फोन करतेय!" पलीकडून जाऊबाई. "ती निळी बादली कुठे ठेवलीत हो?"

फिटरबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता अंगावर काटाही आला. पंधरा दिवसांपूर्वी ती बादली कुणाच्या तरी डोळ्यांवर बसली असती.

पंधराव्या दिवशी पेंटर नवा चष्मा न्यायला आला. हात अजून प्लास्टरमध्येच होता. काकांनी चष्मा यंत्राखाली धरला. उजव्या काचेचा आकडा वाचला, आता डावी काच यंत्राखाली येणार, तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. काकांचा हात सवयीने चष्मा सोडून खिशाकडे गेला.

"काका, आधी काच," ती म्हणाली.

चौदा वर्षांत तिने काकांना असं कधी टोकलं नव्हतं. काकांनी आपला अर्धवट उचललेला हात पाहिला. वाजणारा फोन काढला, त्याच्याकडे न बघता ड्रॉवरमध्ये टाकला आणि डावी काच मोजली. दोन्ही आकडे बरोबर होते.

"तो चुकलेला चष्मा दुकानाबाहेर जायच्या आधी मी तपासायला हवा होता," ते पेंटरला म्हणाले. "हिच्यावर विश्वास आहे, म्हणून तपासत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं होतं ते! तेवढा वेळ मी फोनमध्ये असायचो!"

पेंटरने चष्मा चढवला. समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात बारीक ओळ एका दमात वाचून दाखवली.

"टेबल तुझंच," काका फिटरबाईला म्हणाले. "आणि ह्यापुढे कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन ह्या ड्रॉवरमध्ये. माझ्यासकट."

वाचकहो, मोबाइल टाकून द्या असं ही गोष्ट सांगत नाही. फिटरबाईचा मोबाइल आजही आहे. सहा वाजले की ती तो ड्रॉवरमधून काढते आणि निळ्या बादलीचीसुद्धा चौकशी करते. पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात दिवसातून काही तास दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी असतं: कुणाचे डोळे, कुणाचं औषध, कुणाचं मूल, कुणाचा प्रवास. त्या तासांत वाटेल त्याने वाटेल तेव्हा आपल्याला हाक मारावी, ही मुभा आपण का देतो? गाणं हवं असेल तर गाणंच घ्या, त्याच्यासोबत सगळा बाजार खिशात कशाला? हातातलं काम पुरं होईपर्यंत जग थोडं थांबू शकतं. त्याला थांबायला सांगण्याची हिंमत मात्र आपल्यालाच करावी लागेल, आणि ती आजच करावी लागेल.