दसऱ्याचं तेल

मित्रांनो, अंबरपेठला खलीलभाईंच्या गॅरेजमागे, भिंतीला लागून, विटांवर एक जुनी निळी गाडी उभी आहे. ती मी. माझी चाकं कुणीतरी कधीच काढून नेली. टपावर एक मांजर झोपतं आणि दुपारी गॅरेजमधली माणसं माझ्या सावलीत डबा खातात. हसू नका. एके काळी मीही नल्लकुंट्यात थाटात राहत होते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, रंगाचा वास आणि पोटात पहिल्यांदा तेल उतरलं तेव्हाचा गारवा, एवढंच. माझ्या खऱ्या आठवणी सुरू होतात त्या नरहर मास्तरांपासून. ते शाळेत विज्ञान शिकवत. मला घरी आणलं त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, इंदुमतीबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मास्तर मात्र माझ्याबरोबर आलेलं पुस्तक वाचत बसले, ते पेढे खायचेही विसरले.

त्या पुस्तकात लिहिलं होतं, की इंजिनचं तेल दहा हजार किलोमीटरनंतर किंवा एका वर्षानं बदलावं, जे आधी होईल ते. आता मास्तर कसले दहा हजार चालवतात? शाळा, भाजी, फार तर वर्षातून एकदा बासरला गोदावरीच्या स्नानाला. म्हणून त्यांनी वर्षाचा हिशेब धरला, आणि विसरायला नको म्हणून तो दसऱ्याला बांधून टाकला. खंडेनवमीच्या सकाळी ते मला खलीलभाईंकडे न्यायचे. खलीलभाई खाली निजून जुनं तेल सोडायचे आणि नवं तेल मास्तर स्वतःच्या हाताने ओतायचे. मग घरी येऊन हळदकुंकू, झेंडूची माळ आणि चाकांखाली लिंबू.

"गाडी चालली कुठे वर्षभर? उगी कशाला तेल बदलायलात?" इंदुमतीबाई दर वर्षी विचारायच्या.

"बसून बसूनही तेल म्हातारं होतं, इंदू. माझ्यासारखं."

"मग तुम्हालाही सोडून येते खलीलभाईंकडे."

दोघं हसायचे, आणि मलाही बरं वाटायचं. मित्रांनो, माझ्या पोटात लोखंडावर लोखंड फिरतं. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते एकमेकांना खात नाही. तेल जुनं झालं, कमी झालं, की तो थर तुटतो. वयानुसार मी थोडं तेल पिऊही लागले होते. म्हणून मास्तर दर रविवारी कांडी काढून तेल किती आहे ते बघायचे. इतकं कुणी आपल्याकडे बघत असलं, की म्हातारपणाचं काही वाटत नाही.

मग एका भाद्रपदात मास्तर गेले. सकाळी अंगणात मला पुसता पुसता खाली बसले, ते उठलेच नाहीत. ओलं फडकं माझ्या बॉनेटवर तसंच वाळलं. मला रडता येत नाही, नाहीतर मी त्या दिवशी खूप रडले असते.

महिन्याभरात दसरा आला. खंडेनवमीला खलीलभाईंचा फोन आला. इंदुमतीबाई एवढंच म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे सण नाही, खलीलभाई." वर्षाच्या आत सण करत नाहीत, हे खलीलभाईंना ठाऊक होतं. त्यांनी "जी अम्मा" म्हणून फोन ठेवला. पूजा राहिली, माळ राहिली, आणि त्यांच्याबरोबर माझं तेलही राहिलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तेलाला सुतक कळत नाही.

मुलगा केदार कोंडापूरला राहायचा, त्याची स्वतःची गाडी होती. "आई, ही विकून टाकू," तो एकदा म्हणाला.

"नक्को. ही त्यांची गाडी आहे. आहे तशी राहू दे. वर्षश्राद्धाला हिच्यातूनच बासरला जायचं. त्यांचं पाणी गोदावरीवरच सोडायचं."

तेवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. रोज संध्याकाळी त्या माझ्या डाव्या सीटवर येऊन बसायच्या, दार लावून घ्यायच्या आणि उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत राहायच्या. कधी केदार त्यांना माझ्यातून बेगम बाजारपर्यंत नेऊन आणायचा. कांडी मात्र कुणी काढली नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. मध्यान्हीच्या आत पोचायचं होतं, गुरुजी घाटावर थांबणार होते. मला फार उमेद होती. कामारेड्डीच्या अलीकडे माझा तेलाचा लाल दिवा लागला. मी दुसरं काय करू शकत होते?

"हा कसला दिवा रे?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"जुनी गाडी आहे आई, सेन्सर गेला असेल. उशीर होतोय."

थोडं पुढे गेल्यावर माझ्या पोटात खडखड सुरू झाली, आणि मग सगळं एकदम आवळलं. मी रस्त्याच्या कडेला थांबले ती कायमचीच. केदार उन्हात येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत राहिला. इंदुमतीबाई तिळाचा डबा मांडीवर घेऊन बसून होत्या. दुसरी गाडी मिळून ते दोघे गेले, पण घाटावर पोचले तेव्हा दिवस मावळत होता. श्राद्धाची वेळ टळली होती. हे मला नंतर खलीलभाईंच्या गॅरेजात कळलं.

खलीलभाईंनी माझं तेल सोडलं. काकवीसारखं दाट, काळं, तेही वाटीभरच.

"हे कधी घातलेलं?" केदारने विचारलं.

"मास्टरसाब के हाथ का है. उस के बाद गाडी आई किधर?"

केदार तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला. इंदुमतीबाईंनी त्या तेलात बोट बुडवलं आणि पदराला पुसलं. तो डाग त्यांनी धुतला नाही, अजून त्या पदरावर आहे.

मग दसरा आला. मास्तरांचं वर्ष संपलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी त्या रिक्षाने आल्या, हळदकुंकू, झेंडूची माळ आणि तेलाचा नवा डबा घेऊन.

"अम्मा, इंजन जाम हो गया. अब डाले तो क्या फायदा?" खलीलभाई हळूच म्हणाले.

"झाकण उघडा. मी ओतते."

थोडं तेल बॉनेटवर सांडलं. बाकीचं माझ्या पोटात उतरलं, गार, सोनेरी, पहिल्या दिवसासारखं. मी सुरू व्हायचा फार प्रयत्न केला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखं असेल, तर त्याला नुसतं जपून ठेवू नका. त्याची कांडी काढून बघा, वर्ष झालं की तेल बदला. घरात सण असो नसो. माझ्या पोटातलं तेल अजून तसंच स्वच्छ आहे. इंदुमतीबाई सांगून गेल्या आहेत, पुढच्या दसऱ्यालाही बदलायचं.