पहारेकऱ्याचं नाव

काशीतल्या मराठी मंडळींना रडायचं असलं, की ती रविवारी चार वाजता शरदिनीच्या व्याख्यानाला जातात. खोटं नाही सांगत. राजा असो की नटी, प्रेम फसलेलं असलं म्हणजे झालं. शाळेत इतिहास शिकवणारी ही चोपन्न वर्षांची बाई पदर खोचून उभी राहिली, की दहा मिनिटांत अख्ख्या सभागृहाची नाकं सुरसुरू लागतात. आणि सगळ्यात मोठ्याने रडतो तो तिचा थोरला भाऊ विश्वेश्वर. गेल्या महिन्यात एका नटीची गोष्ट होती. घरच्यांनी अडवलं म्हणून ती जन्मभर एकटी राहिली. हुंदके देत विश्वेश्वर म्हणाला होता, "काय राक्षस असतील घरचे!"

त्याच विश्वेश्वराने गुरुवारी आपल्या लेकीला वरच्या खोलीत कोंडलं. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

लेक म्हणजे रुची, सव्वीस वर्षांची. गंगेपलीकडच्या रामनगरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कुशलशी तिने लग्न ठरवलं होतं, आणि कुशल 'आपल्यातला' नव्हता. विश्वेश्वराने तिचा मोबाइल काढून घेतला, दाराला कुलूप घातलं आणि इंदूरच्या स्थळाला निरोप धाडला. रविवारी पाच वाजता मुलगी बघायची, तिथल्या तिथे साखरपुडा. पाहुण्यांदेखत पोरगी तमाशा करणार नाही, असं त्याचं गणित.

चाबी त्याने बायकोकडे दिली नाही. "अन्नपूर्णा आई आहे, विरघळेल," तो बहिणीला म्हणाला. "शरू, भरवसा आहे तो तुझ्यावर. या घराला तू कधी खाली पाहायला लावलं नाहीस."

हे खरं होतं, म्हणूनच ते शरदिनीला टोचलं. तीस वर्षांपूर्वी नीलकंठ नावाचा एक मुलगा विद्यापीठातून तिच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत यायचा. वडील 'नको' म्हणाले, ती 'बरं' म्हणाली. संपलं. तिला कुलूपसुद्धा लावावं लागलं नव्हतं. पुढे वडील गेले, ती भावाच्या घरात राहिली आणि दुसऱ्यांच्या प्रेमावर रडत-रडवत आली. तिला पगार होता, पण दादाच्या छपराबाहेर राहता येतं हे तिच्या कधी डोक्यातच आलं नाही. तिने चाबी कमरेला खोचली.

रविवारी दुपारी ती ताट घेऊन वर गेली. रुची खिडकीशी बसली होती. माकडं आत येऊ नयेत म्हणून लावलेली लोखंडी जाळी आता पोरगी बाहेर जाऊ नये म्हणून कामाला आली होती.

"आज कोणाची गोष्ट?" रुचीने विचारलं.

"मस्तानीची."

"मग तिला कोंडतात तिथे सगळे रडतील."

"रडतातच."

"आत्या, एक बात सांग. तिच्या दाराशी पहाऱ्यावर कोण होतं?"

"असतील पेशव्यांची माणसं."

"नाव सांग ना. कुणीतरी रोज ताट आत सरकवलं असेल. कुणीतरी कुलूप लावलं असेल."

"मी जे वाचलंय त्यात नाही गं नाव."

"तू कधी शोधलंच नाहीस." रुचीने ताट परत सरकवलं. "घेऊन जा. भूक नाही मला."

शरदिनी ताट घेऊन बाहेर आली. कुलूप लावलं आणि नीट लागलंय ना, म्हणून ओढून पाहिलं. मग आपल्याच हाताकडे बघत ती जिन्यात उभी राहिली. अगं बाई, हे मी काय करतेय?

तरी ती सभागृहाकडे निघालीच. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते असं.

संकठा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कुशल उभा होता. तीन दिवस तो तिथेच होता, सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. एरवी दर रविवारी तो शेवटच्या रांगेत बसून तिची व्याख्यानं ऐकायचा. मराठी शिकला तो तिथेच. आता हा भांडेल नाहीतर पाया पडेल, म्हणून शरदिनीने अंग चोरलं.

"आत्या, तिने काही खाल्लं ना?" त्याने एवढंच विचारलं.

"हो," शरदिनी खोटं बोलली आणि भरभर चालू लागली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत विश्वेश्वर आणि त्याच्या शेजारी इंदूरचे पाहुणे. मुलीला जरा कणकण आहे, पाचपर्यंत बरं वाटेल, असं सांगून बहिणीचं कौतुक दाखवायला त्याने त्यांना आधी इकडे आणलं होतं.

शरदिनीने गोष्ट सुरू केली. बाजीराव मोहिमेवर गेला, इकडे पुण्यात मस्तानीला पहाऱ्यात ठेवलं. नाकं सुरसुरली. विश्वेश्वराने रुमाल काढून डोळ्यांना लावला, आणि तो रुमाल पाहून शरदिनीच्या डोक्यात सणक गेली.

"दाराशी एक पहारेकरी होता," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या वहीत नव्हतं. "वाईट नव्हता हो तो. मस्तानीची कीव यायची त्याला. ताट गरम आणायचा. फक्त कुलूप उघडायचा नाही. आणि बाहेर येऊन तिचं दुःख असं रंगवून सांगायचा, की ऐकणारे ढसाढसा रडत. पुस्तकात त्याचं नाव नाही. मी सांगते. त्याचं नाव शरदिनी." तिने कमरेची चाबी काढून वर धरली.

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका! "क्या बात है!" म्हणून कुणी ओरडलं. विश्वेश्वराचं तोंड पांढरं पडलं होतं, पण पाहुणे बघताहेत म्हटल्यावर त्यानेच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटल्या.

खरं बोललं तरी इथे त्याची गोष्टच होणार, हे शरदिनीला कळून चुकलं. "पाणी पिऊन आले," म्हणत ती खाली उतरली आणि सरळ दाराबाहेर पडली. विश्वेश्वर अर्धवट उठला. "काही झालं का?" पाहुण्यांनी विचारलं. "छे, कुठे काय," म्हणत तो परत बसला.

घरी जिन्याच्या पायरीवर अन्नपूर्णा बसली होती. मांडीवर रुचीची बॅग, हातात तिच्या चपला.

"किती उशीर केलात, वन्सं," ती म्हणाली.

शरदिनीने दार उघडलं.

"गोष्ट संपली?" रुचीने विचारलं.

"अर्धी टाकून आले. पळ, कुशल गल्लीच्या तोंडाशीच आहे. आणि आधी काहीतरी खा, मी त्याला खोटं सांगितलंय."

रुचीने तिला घट्ट मिठी मारली. "तू पण चल, आत्या."

"मी कुठे येऊ गं वेडे? जा आता!"

ती गेली. शरदिनी खाटेवर बसली. जाळीतून तिला दोघं घाटाच्या पायऱ्या उतरताना दिसली. कुशलने बॅग घेतली होती, आणि रुचीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शरदिनीला इतका आनंद झाला की रडूच फुटलं, आणि या वेळी ते कुणाच्या गोष्टीसाठी नव्हतं.

थोड्या वेळाने जिना धडधडला. विश्वेश्वर दारात उभा राहिला, धापा टाकत.

"रुची?"

"गेली."

"पाहुणे खाली बसलेत, शरू! तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी!"

"तीस वर्षं ठेवलास, दादा." तिने चाबी पुढे केली. "घे. मी आत आहे. लाव कुलूप."

त्याने चाबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चाबी घेतली नाही.

"तुला कुलूप कशाला?" तो म्हणाला. "तू कुठे जाणार आहेस?"

आणि तो पाहुण्यांना तोंड द्यायला खाली निघून गेला. दार सताड उघडं होतं. शरदिनी खाटेवरून उठली नाही.