पडद्यावरचे हात

कस्तुराला सिनेमाचं वेड नव्हतं. वेड होतं शेजारच्या रोशनबीला. कस्तुरा आपली महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या गुरुवारी तिच्या सोबतीला म्हणून आबाजींच्या तंबूत जाऊन बसायची. भोसरीत कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे त्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नसे. रोशनबी पदराचं टोक दातात धरून सिनेमा बघायची आणि कस्तुरा बसल्या जागेवरून पडद्याशी भांडायची.

तिचं म्हणणं साधं होतं. खोटं दाखवा, पण इतकं? एकटा माणूस दहा जणांना लोळवतो आणि त्याचा भांगसुद्धा विस्कटत नाही. तिच्या दिराने खटावला यात्रेत एकाच माणसाशी मारामारी केली होती, तर दोघंही आठवडाभर अंथरुणात पालथे पडून होते आणि दोघांच्याही आया एकमेकींकडून हळद मागून नेत होत्या. पडद्यावर खुर्च्या मोडतात, हाड कुणाचंच मोडत नाही. एकदा इंग्रजी सिनेमा लागला होता. त्यात डोंगराएवढा सरडा समुद्रातून निघाला आणि अख्खं गाव तुडवून परत समुद्रात गेला. लोक टाळ्या वाजवत घरी निघाले, पण ज्यांची घरं तुडवली त्यांनी पुढे काय खाल्लं हे कुणी दाखवलं नाही म्हणून कस्तुरा घरी येईपर्यंत धुसफुसत होती.

आणि भुतं! भुतांवर तर तिचा फार राग.

"मेलेल्या बाईला परीटघडीची साडी कोण देतं गं?" ती रोशनबीला विचारायची. "आमाला जित्तेपणी मिळंना. आन् पैंजण? मसणात सोनाराचं दुकान हाय व्हय?"

"गप बस की गं बाई," रोशनबी म्हणायची. "भ्यायला आलेय मी. नीट भिऊ तरी दे."

पण त्या गुरुवारी कस्तुरा स्वतःच रोशनबीच्या दारात गेली, आणि सोबत नवऱ्यालाही न्यायचंय म्हणाली. त्याला कारण होतं.

मारुतराव कंपनीत पॉवर प्रेसवर होता. पत्रा पुढे सरकवायचा, प्रेस खाली येते, पार्ट तयार. दिवाळीच्या आधी काम उरकावं म्हणून प्रेससमोरची, हात आत जाऊ न देणारी जाळी वरच्या साहेबांनी काढून ठेवायला लावली, आणि सेकंड शिफ्टला उजव्या हाताची चार बोटं पत्र्याबरोबर गेली. राहिला तो अंगठा. ईएसआयच्या दवाखान्यात पट्टी होती तोवर ठीक होतं. पट्टी सुटली त्या दिवसापासून मारुतरावाने हाताला पंचा गुंडाळला तो गुंडाळलाच. जेवताना, झोपताना, अंघोळीला जातानाही. लग्नाच्या बायकोलाही त्याने तो हात दाखवला नव्हता. सहा महिने झाले होते.

कंपनीने आता त्याला स्टोअरमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं. खिडकीत बसायचं आणि कामगारांना हत्यारं द्यायची-घ्यायची. शुक्रवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला हजर व्हा, नाही झालात तर नाव कमी होईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आणि मारुतराव जाणार नव्हता.

"त्या खिडकीतनं माझं त्वांड कुणाला दिसायचं न्हाई," तो म्हणाला होता. "हात दिसंल. रोज, तिन्ही शिफ्टला. त्यापरीस गावाकडं जाऊ."

गावाकडे काय होतं? काही नव्हतं. कस्तुराने समजावलं, रागावली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी तिला सुचलं ते एवढंच, की उद्या शुक्रवार आहे, आज निदान माणसात तरी बसवावं. अंधारात, जिथे कुणी कुणाचा हात बघत नाही. तंबूत मारामारीचा सिनेमा लागणार होता. मारामारीच्या सिनेमात कुणाचं काही तुटत नाही ही तिची नेहमीची तक्रार, आणि आज त्याच कारणाने तिने तो निवडला. मारुतराव नको नको म्हणत, पंचा बगलेत दाबून निघाला.

दिवेलागणीला तंबू भरला. उजवीकडे बाया, डावीकडे पुरुष, मध्ये छातीइतक्या उंचीची कनात. मागच्या बाजूला टेबलावर आबाजींचं सिनेमाचं मशीन. एकच मशीन. त्याच्या उजेडाचा झोत माणसांच्या डोक्यांवरून इतका खालून जायचा की बसल्या बसल्या हात वर केला तरी पडद्यावर सावली पडे.

सगळे बसल्यावर आबाजी भोंग्यातून बोलले, की मंडळी, मारामारीच्या सिनेमाची पेटी आज एसटीने आली नाही. म्हणजे आली, पण कंडक्टर इथे उतरवायला विसरला आणि पेटी तशीच पुढे चाकणला गेली. तरी मंडळींनी नाराज होऊ नये. आपल्याकडे भुताचा एक जबरदस्त सिनेमा शिल्लक आहे.

पुरुषांकडून शिट्ट्या आणि शिव्या दोन्ही आल्या. रोशनबी मात्र खूश झाली. तिने ताबडतोब पदर दातात धरला.

पहिली दहा मिनिटं कस्तुरा नेहमीसारखी कुरकुरत होती. मग पडद्यावर कारखाना आला. कारखान्याचा मालक आला, सज्जन, कपाळाला गंध लावलेला, बंगल्यात देवघर. मग एक कामगार आला, दाढी वाढलेला, डोळे लाल. त्याचा हात मशीनमध्ये गेला. तो किंचाळून मेला आणि थोड्याच वेळात त्याचा तुटका हात जमिनीवरून सरपटत मालकाच्या पोरीच्या पलंगाकडे निघाला.

बाया किंचाळल्या. रोशनबी "या अल्ला" करत कस्तुराच्या मांडीत शिरली. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "आला रे पंजा, आला!" आणि सगळे हसले.

कस्तुराचं अंग तापलं. तिने कनातीवरून मान उंच करून पाहिलं. मारुतराव चौथ्या-पाचव्या ओळीत होता. त्याचं फक्त डोकं दिसत होतं, खाली घातलेलं. आणि तीच त्याला इथे घेऊन आली होती! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मारावी असं वाटलं.

मशीनमध्ये हात कामगाराचा गेला. मशीन मालकाचं. मग भूत कामगार कसा झाला? मालकाची पोर रेशमी गादीवर, आणि सगळा तंबू देवाला साकडं घालतोय की ती वाचू दे. हा हात का तुटला, मशीनला जाळी होती का नव्हती, त्या कामगाराच्या बायकोने पुढे काय केलं, कुणी विचारत नाही. मेल्यावरही बिचाऱ्याला राक्षस करून वर तोंडाला काळं फासलं. मालकाने देवापुढे हात जोडले ते तर अख्ख्या पडद्याएवढे मोठे करून दाखवले. दहाची दहा बोटं जागेवर होती.

ती उठली. बायांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात, मागे मशीनपाशी गेली.

"बंद करा हे."

आबाजी मशीनवर वाकले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "बाई, जागेवर बसा. भ्या वाटत आसंल तर डोळं मिटा."

"भ्या न्हाई वाटत. राग येतोय. बंद करा म्हनते ना!"

"भर खेळात बंद करू? पब्लिक तंबू पेटवून देईल माझा. अवो, रबराचा हात हाय त्यो!"

"रबराचा हाय ते मला बी कळतंय," कस्तुरा म्हणाली. "त्येला बघून हसणारी मानसं रबराची न्हाईत. माझा घरधनी बसलाय तिथं. त्येची बोटं गेल्यात. उद्या कामावर जायाचं हाय त्येला, आन् तुमी त्येला भूत दाखवताय?"

आबाजींनी आता मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतक्यात रीळ संपलं आणि पडदा पांढराफटक पडला. दुसरं रीळ चढेपर्यंत आबाजी मशीनचा दिवा चालू ठेवत. अंधार केला की पब्लिक शिट्ट्या मारून कान फोडत असे.

आणि नेहमीप्रमाणे हात वर झाले.

हा तंबूतला जुना खेळ. पडदा कोरा झाला की पुरुषांच्या बाजूने हात झोतात शिरायचे आणि पडद्यावर हरणं, कुत्री, पाखरं पळू लागायची. भूत दोन मिनिटं सगळे विसरले. एक हरीण आलं. त्याच्यावर एक कुत्रं भुंकलं. बायाही हसू लागल्या.

"ए, हरणाचं एक शिंग कुठाय रं?" कुणीतरी विचारलं.

"कंपनीत जमा हाय!" उत्तर आलं, आणि हशा पिकला.

कस्तुरा मशीनच्या बाजूला उभी होती. तिथून तिला पडदा पूर्ण दिसत होता. तिने पाहिलं. हरणाला खरोखरच एक शिंग नव्हतं. कुत्र्याचा खालचा जबडा अर्धाच होता. एका पाखराचा एक पंख मधूनच संपत होता. कोपऱ्यातल्या सशाला कानच नव्हते, तरी तो उड्या मारत होता. वर्षानुवर्षं ती ही जनावरं बघत आली होती. या बाप्यांना धड सावल्यासुद्धा करता येत नाहीत, असं म्हणत आली होती. ते बोटं नसलेले हात आहेत हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

इतके? एका तंबूत इतके? ही काय एका मारुतरावाची गोष्ट होती! कुठली प्रेस, कुठलं कटिंग, कुठला गिअर, आणि कुणी ओरडलं नव्हतं, कुणी पिच्चर काढला नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दुसरा माणूस उभा केला असेल. तिला एवढा संताप आला की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

मग पडद्यावर आणखी एक सावली चढली. हळूहळू. आधी एक फडकं लोंबताना दिसलं, ते गळून पडलं. मग एक तळवा, वर सपाट, बाजूला एकटा अंगठा. माणसाच्या दुप्पट उंचीचा.

तो हात तिने आधी कधी पाहिला नव्हता. तरी तो कुणाचा हे तिला लगेच कळलं.

हरणं-कुत्री थांबली.

"ह्ये कंचं जनावर म्हनायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"जनावर न्हाई," मारुतरावाचा आवाज आला. सहा महिन्यांत कस्तुराने त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "पावर प्रेस. सेकंड शिफ्ट."

"कंची कंपनी?"

मारुतरावाने नाव सांगितलं.

"आरं, माझं बी तिथलंच!" बिनकानाचा ससा बोलला. "तीन नंबरची मशीन का?"

"चार नंबर."

"जाळी काढली व्हती?"

"काढाय लावली व्हती."

"माझ्या बारीला बी काढाय लावली व्हती," ससा म्हणाला. आता कुणी हसलं नाही.

आबाजींचं रीळ कधीच चढवून झालं होतं. पण ते कस्तुराकडे बघत उभे होते. मागच्या ओळीतल्यांनी आरडाओरडा सुरू केला तेव्हा त्यांनी नाइलाजाने कळ फिरवली. सिनेमा पुढे सुरू झाला. बाकीचे हात खाली गेले, मारुतरावाचा तेवढा वर राहिला. मालकाची पोर बागेत गाणं म्हणत होती आणि तिच्या तोंडावर आडवा तो तळवा.

"ए, हात खाली घे!" मागून ओरड झाली. "दिसंना झालंय! खाली घे की!"

"कुनी खाली घ्यायला सांगितलं रं?" कस्तुरा कडाडली. अख्खा तंबू वळून मागे बघू लागला. "पुढं ये! त्वांड दाखव! मघाशी रबराचा हात डोळं फाडून बघितलास न्हवं, मग ह्यो बघायला का डोळं दुखत्यात? खरा हाय ह्यो! चार नंबरच्या मशीनीचा हाय! बघा समद्यांनी! अवो, घेऊ नका खाली, ऱ्हाऊ द्या तसाच!"

रोशनबी घाईघाईने तिच्याजवळ आली आणि तिने कस्तुराचा दंड धरला. गप बस असं आज ती म्हणाली नाही.

ओरडणारा पुन्हा ओरडला नाही. गाणं संपलं तसा मारुतरावाने आपणहून हात खाली घेतला. मग तो जागेवर उभा राहिला आणि मागे वळला. झोत डोळ्यांवर आला म्हणून त्याने तोच हात कपाळाशी आडवा धरला आणि चारचौघांत कधी बायकोचं नाव न घेणारा तो माणूस कनातीवरून मोठ्याने बोलला.

"कस्तुरा, सकाळी साडेपाचला उठीव मला. डबा लागंल."

"मग, मी काय झोपून ऱ्हानार हाय व्हय?" ती तशाच चढ्या आवाजात म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.