न उचललेला भंडारा

अंगणाबाहेर जीप थांबल्याचा आवाज आला आणि भिमाजीच्या हातातला घास हातातच राहिला. जीप शेजारच्या वस्तीकडे निघून गेली, पण त्याने ताट बाजूला सारलं. शहरातल्या उंच परांच्यांवर बेधडक चालणारा हा गवंडी हल्ली पेठ गावातल्या आपल्याच घरात दबकून वावरत होता.

त्याचं कारण हौशीराम. पिंपरीतल्या बांधकाम मजूर संघटनेचा अध्यक्ष. इकडच्या कितीतरी पोरांना त्यानेच कामाला लावलं, पण पुढे बिल्डरांशी त्याचं मेतकूट जमलं. बिल्डर त्याचा खिसा गरम करत आणि मजुरांच्या सुरक्षेसाठी कमरेला बांधायच्या पट्ट्यांची मागणी संघटनेत दाबली जाई. अशाच एका इमारतीवरून सोमाजी पडला आणि कमरेतून कायमचा अधू झाला. भरपाईचा प्रश्न निघताच हौशीरामाने सगळ्यांना पढवलं, "सोमाजी पिऊन चढला व्हता, असंच सांगायचं." कुणी फुटू नये म्हणून त्याने जेजुरीचा भंडारा आणला आणि संघटनेशी इमान राखण्याची शपथ घालून एकेकाला उचलायला लावला. भिमाजीनेही उचलला होता.

पण काही सभासद कोर्टात गेले. कोर्टाने संघटनेच्या कारभारावर देखरेखीसाठी एक निवृत्त न्यायाधीश नेमले. बहुतेक मजूर आंबेगाव-जुन्नरचे, म्हणून ते सोमाजीच्या अपघाताचे जबाब घ्यायला मंचरला येणार होते. सोमाजी पडला तेव्हा शेजारी भिमाजीच होता, त्यामुळे पहिलं बोलावणं त्याला आलं. पाठोपाठ हौशीरामाचा निरोपही आला, "पोराबाळांचा इचार कर."

"मी सांगनार, त्यो प्यालेला व्हता," भिमाजी बायकोला म्हणाला. "भंडारा उचललाय सरू. मोडला तर देव बघून घेईल, आन् देवाच्या आधी हौशीरामाची मानसं."

सरूबाईने देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी आणून त्याच्यापुढे ठेवली.

"उद्या तिथं सांगायचं ते आधी हितं सांगा. उचला भंडारा आन् म्हना, सोमाजी प्यालेला व्हता."

भिमाजीने हात पुढे केला. सोमाजी दारूच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. त्या सकाळी दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली होती. भिमाजीचा हात डबीजवळ थांबला आणि तसाच मागे आला.

"न्हाई जमत."

"मंग? देवाला भीत असाल तर खरं बोलल्याबिगर सुटका न्हाई. आन् इमान संघटनेशी राखायचंय ना? संघटना म्हंजी काय हौशीराम व्हय? सोमाजी बी संघटनेतच व्हता की. तुमची भक्ती पुढं करून त्यो सोताला वाचवतुया."

"आन् त्याची मानसं?"

"त्यांची मला बी भीती वाटती. लई वाटती. म्हून मी संगं येनार."

दुसऱ्या दिवशी मंचरच्या सभागृहात हौशीराम कपाळभर भंडारा फासून पहिल्याच रांगेत बसला होता. न्यायाधीशांनी विचारलं, "सोमाजी दारू प्यायला होता का?"

"शपथ इसरू नगं, भिमाजी," हौशीराम बसल्या जागेवरून म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. भिमाजीने मागे पाहिलं. दाराशी सरूबाई पदर मुठीत घट्ट धरून उभी होती.

"इसरलो न्हाई साहेब," भिमाजी कसाबसा बोलला. "काल घरी पुन्ना भंडारा उचलाया गेलो. सोमाजी प्यालेला व्हता म्हनायला हात उचलंना. त्यो प्यालेला न्हवता. त्याच्या कमरंला पट्टा न्हवता. आमी पट्टं मागितलं, तर अध्यक्षांनीच आमाला गप बसवलं."

मग मागून जुन्नरचा मजूर राजमहंमद उठला. "साहेब, मी पढवलेलं सांगायला आलतो. माझा बी खरा जबाब घ्या." त्याच्यामागे आणखी एक जण उठला, मग आणखी एक. हौशीरामाने कपाळावरचा घाम पुसला.

परतताना दोघं आधी कळंबला सोमाजीकडे गेले. वाटेत प्रत्येक जीपला भिमाजी दचकत होता. भीती काही एका दिवसात जात नाही!

बेवडा म्हणून गावाने नाव ठेवल्यापासून सोमाजी भिंतीकडे तोंड करून पडलेला असे आणि त्याच्या बायकोने लाजेने चार बायकांत जाणं सोडलं होतं. भिमाजी खाटेशी बसला. "सांगून आलो गड्या. तू प्यालेला न्हवतास."

सोमाजीने भरपाईचं अवाक्षर काढलं नाही. त्याने मोठ्या कष्टाने मान वळवली आणि चुलीशी बसलेल्या बायकोला म्हणाला, "आता हळदी-कुंकवाला जात जा."

मंडळी, कोर्ट देखरेखीला माणूस नेमू शकतं, पण खरं बोलणारं तोंड ते कुठून आणणार? ते तुम्हा-आम्हालाच उघडावं लागतं, भीत भीत का होईना.