वारुळाला सांगणं

कमलेशने बादलीतल्या पाण्यात प्लास्टरची पूड ओतली आणि काठीने ढवळायला घेतलं. त्याचं लक्ष मात्र बांधावरच्या, वाळवीच्या खांद्याइतक्या उंच वारुळाकडे होतं. प्लास्टर आतल्या पोकळ्यांत उतरवायचं, घट्ट झालं की वरची माती धुऊन काढायची, म्हणजे हवा कुठून शिरते, कशी खेळते ते दिसेल. तशाच वाटा भिंतींत ठेवून आश्रमशाळेचं वसतिगृह बांधायचं, पंख्याशिवाय थंड राहणारं. उद्या मुंबईहून त्याचे आर्किटेक्ट सर येणार होते. प्लास्टरचा हा ठसा तयार नसेल तर हे काम दुसऱ्याला देईन, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

शेत साखरशेत पाड्यावरच्या जिव्याचं. कमलेश जवळच्याच जामसर गावच्या मास्तरांचा मुलगा, म्हणून जिव्याने लगेच होकार दिला होता. वारुळाकडून शिकायचंय, असं सांगितल्यावर तो हसला होता.

"मग गुरूला दक्षिणा काय देणार, साहेब?"

त्यावर कमलेशही हसला होता.

जिव्याने अट एकच घातली. झाड तोडायचं असो की जुनी झोपडी मोडायची, आत राहणाऱ्या जिवांना आदल्या संध्याकाळी सांगायचं, ही पाड्याची रीत. काल त्याने वारुळापुढे तांदूळ ठेवून, निघा आता, असं सांगितलं होतं. आज सकाळपासून तो बांधावर बसून होता. दिवाळीनंतर सगळा पाडा वीटभट्टीवर गेला, तेव्हा बायकोला, कमूला उठवत नव्हतं म्हणून तो एकटाच मागे राहिला. तिला हाताने पेज भरवत होता. माघात ती गेली. पाडा अजून परतला नव्हता.

प्लास्टर दाट होऊ लागलं. कमलेश बादली उचलून वारुळाजवळ गेला. कडी घामाने हातातून निसटत होती.

"गेली असतील ना सगळी?" जिव्याने विचारलं.

हो म्हटलं की काम झालं असतं. जिव्याने पुन्हा विचारलं नसतं. कमलेशने बादली जरा तिरकी केली, परत सरळ केली.

"नाही, काका."

"रातभर वेळ होता त्यांना."

"राणी खाली एका खोलीत असते. दार तिच्याहून लहान. तिला निघताच येत नाही."

जिव्या उठून जवळ आला.

"आणि बाकीची?"

"ती तिच्यापाशीच थांबतात. तिला भरवतात."

जिव्या वारुळाकडे बघत राहिला. मुंडाशाचं टोक त्याने सोडलं, पुन्हा खोचलं. तो नको म्हणेल आणि आपण सुटू, असं कमलेशला वाटलं.

"मी हो म्हटलंय," जिव्या म्हणाला. "शब्द फिरवायचा नाही. तुमचं तुम्ही बघा."

कमलेशने काठी फिरवून पाहिली. अजून ओतता आलं असतं, पण थोडाच वेळ. सरांना काय सांगायचं ते त्याने मनात जुळवून पाहिलं, जुळेना. मग तो बांधाखाली उतरला आणि बादली दगडांवर रिकामी केली. रिकामी बादली घेऊन तो वर आला.

"आता आतल्यांना सांगायला पाहिजे," जिव्या म्हणाला. "कालपासून घाबरून बसली असतील."

"सांगा ना मग."

"मी कसं सांगू? मीच तर निघा म्हटलं." जिव्या बाजूला सरकला. "तुम्ही सांगा."

कमलेश वारुळापुढे उकिडवा बसला. त्याने घसा खाकरला.

"काय म्हणू?"

"काय पण म्हणा. हळू बोला फक्त. आत बाई निजून आहे."